आर्डिस ओस्टबी यांच्या अंत्यविधीतील कोबी-खिमा: कार्यपद्धती आणि एक अपवाद

मृत्यू अटळ आहे. त्यानंतरचं जेवण मात्र अटळ नाही. त्यासाठी समिती लागते.

मिनेसोटातल्या ईस्ट हाउगेन गावात, लुथरन चर्चच्या तळघरात, अशी एक समिती एकसष्ट वर्षं काम करते आहे. या काळात तिने नऊशे चार माणसांना निरोप दिला आणि एकालाही उपाशी जाऊ दिलं नाही (निरोपाला आलेल्यांपैकी; ज्याला निरोप दिला त्याची गैरसोय नियमांत धरलेली नाही). समिती कुणी नेमलेली नाही, तिची निवडणूक होत नाही आणि तिचे नियम कुठेही लिहिलेले नाहीत. त्यामुळे ते आजवर कुणाला मोडता आलेले नाहीत.

नियम एक. ज्या घरात माणूस गेलं, त्या घराने जेवणाला हात लावायचा नाही.

नियम दोन. पुरुषांनी तळघरातल्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. खुर्च्या मांडणं, खुर्च्या उचलणं आणि आपल्या वेळी मरणं, एवढी कामं त्यांच्याकडे आहेत आणि ती ते चोख करतात.

नियम तीन. दुःखात माणसाच्या जिभेवर ताण येईल असं काही वाढू नये. (स्वयंपाकघरातली मिरपुडीची डबी १९८८ साली आणलेली आहे. अर्धी शिल्लक आहे.)

नियम चार मिलफर्ड ओस्टबीला वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी कळला. तो त्याच्या जागी येईल.

जेवण ठरलेलं असतं. हॅमची सँडविचेस. काकडीचं लोणचं. जेली: पिकून गेलेल्यांसाठी लाल, अचानक गेलेल्यांसाठी हिरवी. कपाचा तळ दिसेल इतपत पातळ कॉफी. आणि हॉटडिश, म्हणजे काचेच्या चौकोनी भांड्यात खिमा, भाजी, भात किंवा नूडल्स, वर डब्यातलं सूप, आणि सगळं एकदम ओव्हनमध्ये. बाहेरच्या जगात याला कॅसरोल म्हणतात. ईस्ट हाउगेनमध्ये कॅसरोल म्हणणारा माणूस विमानाने आलेला असतो.

यातला बीफ आणि कोबीचा हॉटडिश अडतीस वर्षं आर्डिस ओस्टबीकडे होता. चारशे अकरा अंत्यविधींना तिने तो केला. पहिलं वर्ष सोडलं तर दर वेळी भांडं रिकामं परत आलं, तळाला भाताचं शीतसुद्धा नाही. लोक तोंडभरून दाद देत. "आर्डिस, हे काहीतरी वेगळंच झालंय हं," असं म्हणत. या गावात याहून मोठा अभिप्राय फारसा कुणाला मिळालेला नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आर्डिस गेली. अंत्यविधी शनिवारी अकराला ठरला.

*

बुधवारी सकाळी समितीच्या प्रमुख लव्हर्न ट्वेटन यांचा आर्डिसच्या नवऱ्याला, मिलफर्डला फोन आला. हे संभाषण समजण्यासाठी गावातली विचारण्याची पद्धत माहीत हवी. इथे कोणतीही गोष्ट तीनदा विचारतात. पहिल्यांदा विचारतात ती रीत. तेव्हा हो म्हणणारा हावरट. दुसऱ्यांदा विचारतात ती खात्री. तेव्हा हो म्हणणारा उतावळा. तिसऱ्यांदा विचारतात तो खरा प्रश्न, आणि त्यावर "बरं, इतकं म्हणतेस तर" असं, थोडा त्रास झाल्यासारखं म्हणायचं. या पद्धतीने गावात लग्नं ठरलेली आहेत. मिलफर्डचंही.

"मिलफर्ड, शनिवारी टेबलावर आर्डिसचा कोबी-खिमा ठेवायचा का रे? बेव्ह करेल."

"छे छे, उगाच कशाला त्रास."

"अरे, त्रास कसला त्यात."

"नको गं लव्हर्न. तुम्हाला कामं काय कमी आहेत?"

मिलफर्डने श्वास घेतला. उत्तर तयार होतं, त्यातला त्रासही तयार होता.

"अगंबाई, दारात कुणीतरी आलंय वाटतं," लव्हर्न म्हणाली. "बरं मग, ठेवते हं."

आणि तिने फोन ठेवला.

समितीच्या त्या दिवशीच्या बैठकीची नोंद अशी आहे:

*कोबी-खिमा नको असे कुटुंबाने दोन वेळा कळवले. कुटुंबाच्या इच्छेचा समितीने जड अंतःकरणाने आदर केला. सूचक: सर्व. अनुमोदक: सर्व. चर्चा: अर्धे मिनिट.*

एखादा परका माणूस म्हणेल, त्यात काय, परत फोन करायचा आणि सांगायचं, "मला हवाय." सांगता येतं. तालुक्यात हे वाक्य शेवटचं १९७९ साली उच्चारलं गेलं. ड्वेन नावाच्या गृहस्थांना खिडकी बंद हवी होती. ते हल्ली कॅलिफोर्नियात असतात.

मिलफर्डला फार काही नको होतं. शवपेटीच्या रंगावर त्याने मत दिलं नव्हतं. स्तोत्रं पास्टरने निवडली होती, फुलं मुलीने फोनवरून. पण चारशे अकरा घरांच्या दुःखात जिचं भांडं पोचलं, तिच्या स्वतःच्या दिवशी हॅम आणि लोणच्याच्या मधे टेबलक्लॉथ दिसावा, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. तो दिवसभर त्या टेबलक्लॉथकडे बघत राहिला (टेबलक्लॉथ चर्चमध्ये होता, मिलफर्ड घरी). मग गुरुवारी त्याने ठरवलं, आपणच करायचा.

नियम एक गेला.

*

अडचण पहिली: भांडं.

आर्डिसचं मोठं भांडं मागच्या महिन्यातल्या अंत्यविधीपासून चर्चच्या कपाटात होतं. घरात भांड्यांची कमतरता होती असं नाही. गुरुवारपर्यंत मिलफर्डकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणलेले चौदा हॉटडिश जमा झाले होते. वर्गवारी अशी: ट्यूना-नूडल पाच, बटाट्याचे चार, चिकन-भात तीन, झाकण काढूनही न उलगडलेले दोन. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तीवर मालकिणीचं नाव. दुःख सरतं, भांडं परत जायला हवं.

म्हणजे रिकामं भांडं हवं तर एक भरलेलं संपवायला हवं. मिलफर्डने त्यातल्या त्यात कमी भरलेलं निवडलं आणि तीन जेवणांत ट्यूना-नूडल संपवलं. भांडं लव्हर्न ट्वेटनचं होतं. यामागे काही हेतू नव्हता.

अडचण दुसरी: पाककृती. आर्डिसच्या डब्यात कार्ड सापडलं.

*खिमा, पुरेसा.*
*कांदा.*
*कोबी एक, चांगला.*
*तांदूळ, मूठ.*
*टोमॅटो सूप, डबा.*
*झाकून ओव्हनमध्ये. झालं की काढ.*

एवढंच. मिलफर्ड बत्तीस वर्षं धान्याच्या कोठारावर कामाला होता. तिथे उंदीर पकडण्याच्या सूचनासुद्धा तीन पानांच्या होत्या.

*खिमा, पुरेसा.* दुकानात मांसाच्या काउंटरवर मिलफर्डने हाच शब्द वापरला.

"पुरेसा म्हणजे किती, मिलफर्ड?"

"म्हणजे... तिला पुरायचा तितका."

खाटकाने वर बघितलं, हात एप्रनला पुसले आणि दोन पौंड बांधून दिला. मग पुडी पुढे सरकवताना म्हणाला, "पुडीला गाठ मारली नाही. तिला आवडायचं नाही ते."

*कांदा.* कांद्याची एक मोठी सोय आहे. मंगळवारपासून मिलफर्डला पहिल्यांदाच एक अधिकृत कारण मिळालं होतं. कार्डात एक कांदा होता. त्याने तीन चिरले. दोन फेकून दिले.

*कोबी, चांगला.* आर्डिस कोबीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान देत असे. मिलफर्डने अकरा कोबी वाजवले. काय ऐकायचं हे माहीत नसल्यामुळे सगळे चांगले निघाले. बारावा त्याने उचलला, कारण मागे रांग लागली होती आणि रांगेतली प्रत्येक बाई छताकडे बघत होती.

*तांदूळ, मूठ.* कुणाची, हे लिहिलेलं नव्हतं. मिलफर्डची मूठ कोठारातली होती. त्याने आपली मूठ भरली, मग थोडं थोडं सांडत गेला. हिवाळ्यात चर्चमधून गाडीपर्यंत जाताना हातात आर्डिसचा जेवढा हात मावायचा, तेवढा उरला तेव्हा थांबला.

*मीठ.* कार्डात नव्हतं. मिलफर्डने घातलं नाही. कागदपत्रात नसलेल्या गोष्टी करायच्या नसतात.

*झालं की काढ.* यावर तो बराच वेळ थांबला. ओव्हनच्या काचेतून आत बघितलं तर सगळं झाल्यासारखंही दिसत होतं आणि न झाल्यासारखंही. मग त्याला आठवलं: रेडिओवर दुपारचे बाजारभाव सुरू झाले की आर्डिस भांडं आत सारायची, डुकरांचे भाव संपले की काढायची. मक्याला किती वेळ, सोयाबीनला किती, हे कोबीच्या हातात नसतं. त्या शुक्रवारी मक्यात विशेष काही घडलं नाही. भाव लवकर संपले. मिलफर्डने भांडं काढलं.

संध्याकाळी मुलगी लिनेट आली. ती फिनिक्सला असते.

"बाबा, तू? कॅसरोल?"

"हॉटडिश."

"तेच रे. पण चर्चवाल्या बायका करतात ना सगळं?"

"त्यांना कशाला त्रास."

लिनेटने झाकण उचललं. डोळे मिटून वास घेतला. "अगदी आईच्या हातचा वास आहे," ती म्हणाली, आणि खिडकी उघडली. बाहेर उणे बावीस होतं.

*

शनिवार. हा भाग थोडक्यात, कारण लपवाछपवीचं वर्णन लांबवणं समितीला रुचणार नाही.

भांडं टॉवेलात गुंडाळून गाडीत पुढच्या सीटच्या पायाशी, हीटरच्या तोंडाशी. गाडी चर्चच्या मागे, इंजिन चालू. (फेब्रुवारीत मागे पाच-सहा गाड्या चालूच असतात. कुणी चोरत नाही. चोरून जायचं कुठे?) जमीन गोठल्यामुळे दफन वसंतात होणार होतं, त्यामुळे प्रार्थना संपली की मंडळी थेट तळघरात उतरणार, हा हिशोब. शेवटच्या स्तोत्राला सहा कडवी होती. तिसऱ्याला मिलफर्ड उठला. पत्नीच्या अंत्यविधीतून नवरा उठून जातो तेव्हा कुणी त्याला हटकत नाही. शेजारची बाई फक्त गुडघे बाजूला घेते.

पाचव्या कडव्यापर्यंत कोबी-खिमा हॅम आणि लोणच्याच्या मधे बसलेला होता. टेबलक्लॉथ झाकला गेला. मिलफर्ड दोन पावलं मागे सरून बघत राहिला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वाढायचा चमचा आणलेलाच नाही. वर सहावं कडवं सुरू झालं.

नियम दोन गेला.

मंडळी खाली आली. समितीच्या बेव्हने रांगेत पहिलंच ते भांडं बघितलं, लोणच्याचा चमचा उचलून त्यात घातला, भांडं जरा उचलून बुडाची चिकटपट्टी वाचली, आणि तळघरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगंबाई! लव्हर्न! तू केलास? अगदी आर्डिससारखा!"

"मी? मी नाही केला."

"चल, काहीतरीच!"

"अगं खरंच नाही केला, बेव्ह."

"असं काय करतेस? नाव दिसतंय तुझं!"

"देवाशप्पथ सांगते, मी नाही केलेला!"

कौतुक कुणी केलं की ते नाकारायचं, हे इथे लहानपणीच शिकवतात. त्यामुळे लव्हर्नने जितक्या वेळा खरं सांगितलं, तितकी तिची विनयशीलता वाढत गेली. पास्टरने तिचा हात हातात घेतला. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. तिसऱ्या नकारानंतर तिने स्वतः भांडं उचलून चिकटपट्टी वाचली, ते भांडं आपण मंगळवारी कुणाच्या दारात ठेवून आलो हे तिला आठवलं, आणि ती मिलफर्डला शोधत निघाली.

मिलफर्ड स्वयंपाकघरात होता. चमच्यासाठी त्याने कपाट उघडलं होतं, आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला तक्ता चिकटवलेला होता. वर शीर्षक: *आ. ओ. – को. खि.* खाली रकाने. तारीख, आणि प्रत्येक तारखेपुढे तीन नावं.

*ऑक्टोबर – बेव्ह, ग्लेनिस, पास्टर.*
*नोव्हेंबर – लव्हर्न, ग्लेनिस (पोट बिघडले, सूट), मार्व्हा.*
*जानेवारी – बेव्ह, मार्व्हा, पास्टरचा कुत्रा.*

"मिलफर्ड, तू इथे काय करतोयस?"

"चमचा." त्याने बोट तक्त्यावर ठेवलं. "हे काय आहे?"

"ते होय? ते जुनंय."

"शेवटची तारीख मागच्या महिन्यातली आहे, लव्हर्न."

लव्हर्नने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मग नियम चार सांगितला. आर्डिसचं भांडं भरलेलं घरी जाता कामा नये. पहिल्या वर्षी दोनदा गेलं होतं, तर बाईचा चेहरा आठवडाभर उतरलेला. म्हणून पाळ्या लावल्या. दर वेळी तिघं, प्रत्येकाने दोन वाट्या. पास्टर बदलले, तक्ते बदलले, पाळी चुकली नाही.

"तिला कधी कळू दिलं नाही आम्ही," लव्हर्न म्हणाली. "एकीनेही नाही. तू आठव, कुणी कधी तोंड वाकडं केलं?"

मिलफर्डचं बोट तक्त्यावरून खाली सरकत गेलं.

"आणि बुधवारी दारात कुणी नव्हतं. ते पण आता ऐकून घे. मला वाटलं, एकदा तरी... बेव्हला पित्त आहे रे."

"तुझी पाळी किती वेळा आली?"

"अडतीस वर्षांत? साठेक वेळा."

"माझी दर गुरुवारी," मिलफर्ड म्हणाला. "एकोणपन्नास वर्षं. आणि शुक्रवारी उरलेला."

लव्हर्नने चष्मा काढला, एप्रनने पुसला, परत घातला, परत काढला.

"बाई गं. शुक्रवारीही?"

"गरम करून."

"मग कधी सांगितलं का नाहीस तिला?"

"समोर बसायची ना ती," मिलफर्ड म्हणाला. "स्वतःचं ताट बाजूला ठेवून. मी पहिला घास घेईपर्यंत बघत."

मिलफर्डने कपाटाचं दार लावलं. मग लव्हर्नने खणातून मोठा चमचा काढून त्याच्या हातात दिला, आणि ती दोघं बाहेर आली.

चमच्याची गरज उरली नव्हती. तळघरात शहाऐंशी माणसं होती आणि भांड्यात एका कोपऱ्यात चिकटलेलं थोडंसं. बेव्ह दुसऱ्यांदा घेऊन बसली होती, पित्तासकट. ग्लेनिस खाली बघून चावत होती. पास्टरची थाळी पुसल्यासारखी होती आणि कुत्रा घरी होता. समितीच्या दप्तरात या प्रसंगाची नोंद आहे: *फेब्रुवारीत कोणाचीही पाळी लावलेली नव्हती. भांडे तरीही रिकामे झाले. कारण: समजले नाही.*

मिलफर्डने कोपरा खरवडला. उभ्यानेच तोंडात टाकला. भात मधे कच्चा होता. मिठाचा पत्ता नव्हता. कोबी दातांखाली वाद घालत होता आणि जिंकत होता.

"कसा झालाय?" लव्हर्नने हळूच विचारलं.

"अगदी तिच्यासारखा," मिलफर्ड म्हणाला, आणि त्याला खुर्ची द्यावी लागली. (कांदा फक्त एक होता. ही बाब नोंदीत नाही.)

*

अशी पाळीपद्धत फक्त ईस्ट हाउगेनमध्ये आहे, असा समज करून घेऊ नये. जिथे माणसं एकमेकांना जपतात तिथे ती असते. तक्ता कपाटाच्या आत असतो एवढंच. हे वाचताना आपल्याला आपल्या नात्यातली एखादी मावशी, एखादी वहिनी आणि तिचा तो पदार्थ आठवला असेल, आणि हसूही आलं असेल. त्याबद्दल समितीची काही हरकत नाही.

समितीचा प्रश्न दुसरा आहे, आणि तो एकदाच विचारला जाईल. आपल्या हातचा असा कोणता पदार्थ आहे, जो सगळे आवर्जून मागून घेतात, ज्याबद्दल आजवर एकानेही नाक मुरडलेलं नाही आणि ज्याचं भांडं दर वेळी चाटूनपुसून रिकामं होतं?

आठवला ना लगेच? आर्डिसलाही लगेच आठवला असता.